छोट्या बोटीवरून स्कूबा डायव्हिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उष्ण कटिबंधातल्या समुद्रात छोटी बोट ठरवून डायव्हिंगला जायचं म्हटलं की फिरून फिरून हेच प्रश्न येतात. काही फोनवर येतात, काही जेटीवर, आणि काही वेटसूट गुडघ्यापर्यंत चढवून झाल्यावर. उत्तरांत माहिती आहे तशी आमची मतंही आहेत. तब्येतीच्या बाबतीत मात्र शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

छोटी बोट म्हणजे नेमकी किती छोटी?

सहा ते बारा डायव्हर, एक-दोन गाइड, कप्तान आणि एखादा खलाशी. वर छत, दोन्ही कडांना बाकं, बाकांमागे ओळीने बांधलेले सिलिंडर, मागे आउटबोर्ड इंजिनं. गरम पाण्याचा शॉवर वगैरे विसरा.

त्या बदल्यात मिळतं ते असं की दुसऱ्या डायव्हपर्यंत गाइडला प्रत्येकाची खोड पाठ झालेली असते: कुणाचा मास्क गळतो, कुणाची हवा लवकर संपते, कोण घाबरलं की हात हलवायला लागतं. एका खडकावर गर्दी दिसली तर कप्तान सरळ पुढच्या जागी जातो. तोटेही सांगून टाकतो. लाट अंगावर येते, सामान भिजतं, आणि एक जण जरी रेंगाळणारा निघाला तरी सगळ्यांचा दिवस त्याच्या तालावर चालतो.

बुकिंग करण्याआधी काय विचारावं?

बहुतेक जण आधी भाव विचारतात. भाव जरूर विचारा, पण तिसऱ्या-चौथ्या नंबरावर.

पहिला प्रश्न: सगळे पाण्याखाली असताना बोटीवर कोण थांबतं? बोट चालवता येणारा माणूस वर असलाच पाहिजे, नांगर टाकलेला असला तरीही. ‘असतं कुणीतरी’ असं उत्तर आलं तर दुसरी बोट शोधा.

दुसरा: ऑक्सिजन आहे का, आणि तो द्यायला शिकलेला माणूस बोटीवर असतो का? डायव्हिंगच्या अपघातात पहिला उपचार शुद्ध ऑक्सिजनचा असतो. ती पेटी उघडून दाखवा म्हटलं तर चांगला कप्तान रागावत नाही, उलट सिलिंडरचा काटाही दाखवतो. त्याच वेळी व्हीएचएफ रेडिओ कुठे आहे तेही बघून घ्या, कारण मोबाइलची रेंज किनारा सुटल्यावर फार वेळ साथ देत नाही.

तिसरा, आणि आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाचा: माणसं मोजता कशी? १९९८ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर एक बोट दोन डायव्हरना पाण्यातच सोडून परतली. ते जोडपं बोटीवर नाही हे लक्षात यायला दोन दिवस गेले, तेही त्यांची पिशवी बोटीवर सापडली म्हणून. दोघं कधीच सापडले नाहीत. त्यानंतर तिथल्या क्वीन्सलंड राज्यात मोजणीचे नियम कडक झाले. पण नियम कागदावर असतो आणि मोजतो माणूस. नुसतं ‘सगळे आले ना?’ असं ओरडून विचारणं ही मोजणी नव्हे. त्यावर कुणीतरी ‘हो’ म्हणतंच. यादी हातात घेऊन, एकेकाचं नाव घेऊन, ज्याचं नाव त्याच्याच तोंडून ‘आहे’ ऐकून मग इंजिन सुरू व्हायला हवं. हे होत नसेल तर तुम्ही स्वतः मोजा. बारा माणसं मोजायला वेळ तो किती लागतो?

आणि शेवटचा: वारा वाढला तर तुम्ही काय करता? ‘आमच्या इथे कधी रद्द होत नाही’ असं अभिमानाने सांगणाऱ्या बोटीपासून चार हात लांब राहा.

मला पोहता येत नाही. चालेल का?

प्रशिक्षकाचा हात धरून उथळ पाण्यात घेतलेल्या अनुभव-डायव्हला बऱ्याच ठिकाणी चालतं. प्रमाणपत्राच्या कोर्सला नाही चालत. तिथे साधारणपणे २०० मीटर न थांबता पोहून आणि १० मिनिटं तरंगून दाखवावं लागतं. वेगाची अट नसते. आमचं मत विचाराल तर आधी पोहायला शिका. पाण्याची भीती सिलिंडर लावल्याने जात नाही, ती फक्त आणखी खोल जाते.

प्रमाणपत्र कशाला लागतं? आणि त्यावर किती खोल जाता येतं?

पाडी, एसएसआय, नावी, सीमास अशा संस्थांची प्रमाणपत्रं जगभर चालतात. ओपन वॉटर पातळीवर १८ मीटर, त्यापुढच्या अ‍ॅडव्हान्स्ड पातळीवर ३० मीटर, आणि हौशी डायव्हिंगची शेवटची मर्यादा ४० मीटर. अनुभव-डायव्ह १२ मीटरच्या आतच.

प्रमाणपत्राला मुदत नसते, हाताला असते. बऱ्याच काळात पाण्यात उतरला नसाल तर तसं सांगा आणि आधी उथळ पाण्यात उजळणी करा. प्रवाळाचा सुंदर भाग बहुतेक वेळा ५ ते १५ मीटरमध्येच असतो, कारण प्रवाळाला प्रकाश लागतो. खोलीचा हट्ट धरणाऱ्यांना हे पटायला वेळ लागतो.

वयाची, तब्येतीची अट काय?

बहुतेक संस्थांमध्ये दहाव्या वर्षापासून मुलांचा कोर्स करता येतो. वरची मर्यादा नाही, पण डायव्हिंगमधल्या मृत्यूंत हृदयविकार हे एक मोठं कारण आहे. पन्नाशीच्या आसपास असाल, जिने चढताना दम लागत असेल, तर आधी तपासणी करून घ्या.

सुरुवातीला वैद्यकीय प्रश्नावली भरून देतात. तिच्यात दमा, फिट येणं, हृदय, फुप्फुसं, कानाची ऑपरेशनं असं सगळं विचारलेलं असतं. ठराविक प्रश्नांना ‘हो’ उत्तर आलं की डॉक्टरांची सही लागते. सही घेताना त्यांना डायव्हिंगसाठी हवी आहे हे स्पष्ट सांगा. जेटीवर बसून घाईघाईत सगळ्या चौकटींत ‘नाही’ लिहिणारे बरेच असतात. त्यांचं ‘नाही’ आम्हाला फसवतं, समुद्राला नाही. गरोदरपणात डायव्हिंग नको. सर्दी असेल त्या दिवशीही नको.

मला बोट लागते. मग?

आमच्या खलाशांनाही लागते कधी कधी. यात लाजण्यासारखं काही नाही, पण तयारी मात्र आदल्या रात्रीपासून करायची.

गोळी घेणार असाल तर बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, निघायच्या तास-दीड तास आधी घ्या. यातल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, आणि झोपाळू माणसाने पाण्याखाली जाऊ नये. म्हणून कोणती गोळी सोसते हे घरी, डायव्हिंग नसलेल्या दिवशी, डॉक्टरांना विचारून पाहा. पोट रिकामं ठेवू नका, तुडुंबही भरू नका. आदल्या रात्री दारू नको.

बोटीवर बसायची जागा मधली. नाळेकडे बोट सर्वांत जास्त उसळते आणि मागच्या टोकाला इंजिनाचा धूर येतो. नजर क्षितिजावर ठेवा, मोबाइल पिशवीत. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे सामान जेटीवरच जोडून टाका. कारण धावत्या बोटीपेक्षा नांगर टाकून डोलणाऱ्या बोटीवर जास्त त्रास होतो, आणि त्याच वेळी खाली वाकून रेग्युलेटरचा (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणाऱ्या यंत्राचा) स्क्रू पिळत बसलात की संपलंच.

उलटी आलीच तर वाऱ्याच्या दिशेला तोंड करू नका, शेजाऱ्यांचे आशीर्वाद मिळतात. पाण्याखाली आली तर रेग्युलेटर तोंडातच हाताने घट्ट धरून त्यातूनच ओका, मग पुढचं बटण दाबून साफ करा. रेग्युलेटर काढून ओकलात तर पुढचा श्वास पाण्याचा असतो. मासे लगेच जमतात, त्यांना त्यात काही गैर वाटत नाही. बहुतेकांना पाच-सहा मीटर खाली गेल्यावर बरं वाटतं, म्हणून बोट लागलेल्या माणसाला आम्ही पहिल्यांदा उतरवतो. पण गळून गेला असाल, पाणीही पोटात ठरत नसेल, तर त्या दिवशी वरच बसा.

सोबत काय आणू?

टॉवेल, कोरडे कपडे, टोपी, पाण्याची बाटली, वारा अडवणारं पातळ जाकीट. बुटांची गरज नाही, बोटीवर अनवाणीच. सनस्क्रीनपेक्षा लांब बाह्यांचा रॅशगार्ड केव्हाही चांगला: धुऊन जात नाही आणि प्रवाळाला त्रासही देत नाही. पलाऊने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून प्रवाळाला घातक ठरणारे घटक असलेल्या सनस्क्रीनवर बंदी घातली आहे. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही त्यातली दोन नावं, डबीवर शोधा.

पाणी २८-२९ अंशांचं असताना वेटसूट कशाला?

पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेतं. पहिल्या डायव्हला कळत नाही, तिसऱ्याला दात वाजतात. ३ मिलिमीटरचा सूट बहुतेकांना पुरतो. खरचटण्यापासून आणि जेलीफिशपासून वाचतो ते वेगळंच.

चष्मा आहे.

नंबरचा मास्क मिळतो. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स चालतात, मास्कमध्ये पाणी शिरलं तर डोळे मिटून घ्या. तसंही पाण्याखाली सगळं सुमारे एक तृतीयांश मोठं आणि त्यामुळे जवळ दिसतं, म्हणून थोडा नंबर असणाऱ्यांचं अडत नाही. परत आल्यावर ‘एवढा मोठा मासा’ म्हणून हात पसरणाऱ्यांच्या मापातून तेवढं वजा करा.

कंबरेला वजन किती लावायचं?

पहिलाच अंदाज म्हणून ३ मिलिमीटरच्या सूटमध्ये शरीराच्या वजनाच्या साधारण ५ टक्के. पण अंदाज तो अंदाज, तपासून बघणं खरं. पाण्यात उभे राहा, बीसीडीतली (हवा भरून तरंगायच्या जाकिटातली) सगळी हवा सोडा, नेहमीसारखा श्वास घ्या. पाणी डोळ्यांच्या पातळीला आलं आणि श्वास सोडल्यावर हळूहळू खाली गेलात तर वजन बरोबर.

यात एक मेख आहे. उष्ण कटिबंधात बहुतेक ठिकाणी अ‍ॅल्युमिनिअमचे सुमारे ११ लिटरचे सिलिंडर असतात. त्यात भरलेल्या हवेचंच वजन अडीच किलोंहून जास्त असतं. सुरुवातीला बुडणारा हाच सिलिंडर डायव्हच्या शेवटी तरंगू लागतो. म्हणून भरलेल्या सिलिंडरने तपासणी केली असेल तर वर सुमारे दोन किलो जास्त घ्या, नाहीतर शेवटी ५ मीटरवर थांबायचं असताना फुग्यासारखे वर जाल.

याच्या उलट, नवख्या डायव्हरना उगाच जास्त वजन लावून पाठवायची खोड काही ठिकाणी दिसते. त्यांना झटकन खाली नेता येतं म्हणून. मग तो माणूस सबंध डायव्हभर तिरका होऊन, पाय प्रवाळावर आपटत, हवा उधळत चालतो. वजन जास्त वाटलं तर स्पष्ट सांगा, अर्धा किलो काढून बघा.

उतरण्याआधी काय तपासायचं?

बडीचं (पाण्याखालच्या जोडीदाराचं) आणि स्वतःचं सामान वरून खाली. त्यातलं एक सगळ्यांनी करावंच. प्रेशर गेज समोर धरा आणि रेग्युलेटरमधून चार-पाच खोल श्वास घ्या. काटा २०० बारवर (बार हे दाबाचं माप) स्थिर राहिला तर ठीक. प्रत्येक श्वासाला काटा खाली पडून परत वर येत असेल तर सिलिंडरचा वाल्व अर्धवटच उघडा आहे. वर चालून जातं, पण २० मीटरवर श्वास ओढताना हवा अडते. शेवटच्या क्षणी मदत म्हणून कुणीतरी घाईने चुकीच्या बाजूला वाल्व फिरवून जातो, तेव्हा हे असं होतं.

हवेची चवही बघा. तिला ना वास असावा ना चव. तेलाचा, धुराचा वास आला तर तो सिलिंडर परत करा. कॉम्प्रेसर इंजिनाजवळ लावलेला असेल आणि वाऱ्याने धूर त्याच्या तोंडाशी गेला तर कार्बन मोनॉक्साइड सिलिंडरमध्ये भरला जातो. त्याला स्वतःला वास नसतो, पण सोबतच्या धुराला असतो.

पाण्यात उडी मारावी लागते का?

छोट्या बोटीवरून बहुतेक वेळा पाठीवर कलून उतरतात. कडेवर पाठ पाण्याकडे करून बसायचं, बीसीडीत थोडी हवा भरायची. एका हाताच्या तळव्याने रेग्युलेटर आणि बोटांनी मास्क दाबून धरायचा, दुसऱ्या हाताने नळ्या पोटाशी घ्यायच्या, हनुवटी छातीला. मागे पाण्यात कुणी नाही हे गाइड बघतो आणि ‘तीन, दोन, एक’ म्हणतो. ‘एक’ला सगळ्यांनी एकदम जायचं. उशिरा पडणारा माणूस आधी पडलेल्याच्या डोक्यावर सिलिंडरसकट येतो. म्हणून चुकलात तर बसून राहा, पुन्हा मोजतील.

परत चढताना कप्तानाने ‘या’ म्हणेपर्यंत मागच्या बाजूला जायचं नाही, पंखा तिथेच असतो. शिडीवर दुसरा चढत असताना त्याच्या खाली तरंगू नका. आधी वजनाचा पट्टा वर द्या, मग सिलिंडर-बीसीडी, आणि शिडी हातात घट्ट आल्यावर फिन, म्हणजे पायातली वल्ही. फिन आधी काढून टाकले आणि हात सुटला की प्रवाहात तुम्ही नुसते ओंडके.

कान फार दुखतात. काय करू?

दुखेपर्यंत थांबूच नका. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, पाण्यात शिरल्या क्षणापासून, दर अर्ध्या-एक मीटरला. पहिल्या १० मीटरमध्ये दाब दुप्पट होतो, म्हणून सगळी मारामारी तिथेच असते. कान उघडला नाही तर एखादा मीटर वर या, पुन्हा करा. जोर लावून फुंकलात तर आतला कान कायमचा दुखावू शकतो. पाय खाली ठेवून, नांगराच्या दोरीला धरून उतरलं की सोपं जातं.

सर्दीची गोळी घेऊन उतरायचा मोह होतो. गोळीचा असर पाण्याखालीच ओसरला तर वर येताना कानातली हवा बाहेर पडत नाही, आणि वर तर यावंच लागतं.

श्वास रोखू नका, असं इतक्यांदा का सांगतात?

कारण डायव्हिंगचा पहिला नियम तोच आहे. समुद्रसपाटीला दाब १ बार, १० मीटरवर २, २० मीटरवर ३, ३० मीटरवर ४. १० मीटरवर फुप्फुसांत घेतलेली चार लिटर हवा वर येईपर्यंत आठ लिटर होते. तोंड बंद ठेवलंत तर ती वाट स्वतः काढते: फुप्फुस फाडून, आणि तिथून बुडबुडे रक्तात शिरून थेट मेंदूकडे. हे घडायला खोली लागत नाही. भरलेल्या फुप्फुसांनी श्वास रोखून दीड-दोन मीटर वर येणंही पुरतं. लक्षात घ्या, सर्वांत जास्त बदल शेवटच्या १० मीटरमध्ये होतो.

म्हणून वर येताना मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेग नको आणि ५ मीटरवर तीन मिनिटं थांबा. घाबरलेला माणूस नेमकं उलटं करतो: श्वास रोखतो आणि वर सुटतो. घाबरायला झालं तर काहीतरी धरा, थांबा, श्वास सोडा, मग गाइडकडे बघा. आणि डायव्ह कुठल्याही क्षणी, कुठलंही कारण न देता थांबवायचा हक्क प्रत्येकाला आहे. अंगठा वर करायचा. त्यावर वाद घालणारा गाइड पुन्हा घेऊ नका.

एक सिलिंडर किती वेळ टिकतो?

२०० बारचा ११ लिटरचा सिलिंडर म्हणजे सुमारे २,२०० लिटर हवा. त्यातले शेवटचे ५० बार हात न लावायचे. उरले १,६५० लिटर. मिनिटाला २० लिटर लागत असतील तर १० मीटरवर तेच ४० होतात आणि २० मीटरवर ६०. म्हणजे १० मीटरवर ४० मिनिटांच्या आसपास, २० मीटरवर २७. नवखे याहून जास्त ओढतात. हवा लवकर संपली म्हणून शरमून गेज लपवणारे बघितले आहेत. लपवू नका, गाइडने विचारलं की आकडा खरा सांगा. सरावाने खर्च आपोआप उतरतो, श्वास चोरून उतरत नाही.

प्रवाहात वाहून गेलो तर?

छोट्या बोटीचा खरा उपयोग इथेच कळतो. बऱ्याच ठिकाणी बोट नांगर न टाकता डायव्हरच्या बुडबुड्यांमागे फिरत राहते, तुम्ही प्रवाहासोबत जाता आणि जिथे वर येता तिथे ती येते.

प्रवाहाचं गणित चंद्राशी बांधलेलं असतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जास्त ओढतं, अष्टमीच्या सुमारास भांगाला कमी. भरती-ओहोटीच्या मधल्या थोड्या वेळात पाणी थांबल्यासारखं होतं, जाणता कप्तान तीच वेळ धरतो. म्हणूनच ‘सकाळी सहाला का निघायचं, दहाला का नाही?’ यावर घासाघीस करून उपयोग नसतो.

प्रवाहाशी झुंजू नका. तळाजवळ, खडकाच्या आडोशाला वेग कमी असतो. गट दिसेनासा झाला तर एक मिनिट आजूबाजूला शोधा, मग नेहमीच्या वेगाने वर या. प्रत्येकाकडे एसएमबी असावा, म्हणजे फुगवून पाण्यावर उभा करायचा लांबोळका केशरी फुगा, आणि तो वापरायचा सराव किनाऱ्यावर केलेला असावा. लाटांमध्ये माणसाचं डोकं शंभर मीटरवरूनही हरवतं, हा दिसतो. सोबत शिट्टी आणि छोटा आरसा. वर आल्यावर बीसीडी फुगवा, वजन टाकून द्यावं लागलं तर टाका, एकत्र राहा आणि बोटीची वाट बघा. किनारा जवळ वाटला तरी पोहत सुटू नका. बोट तुम्हाला प्रवाहाच्या दिशेने शोधत येत असते.

नायट्रॉक्स घ्यावं का?

साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के, नायट्रॉक्समध्ये बहुतेक ३२. अंगात नायट्रोजन कमी मुरतो म्हणून १८ ते ३० मीटरमध्ये जास्त वेळ थांबता येतं. खोल मात्र जाता येत नाही. ३२ टक्क्यांचं मिश्रण सुमारे ३३ मीटरपुढे विषारी ठरू शकतं. त्यासाठी वेगळा छोटा कोर्स आहे. सिलिंडरमधलं प्रमाण मोजताना स्वतः उभे राहा. दिवसाला तीन-चार डायव्ह असतील तर घ्या, दोन उथळ डायव्हना पैसे वाया.

शार्क?

दिसला तर नशीब समजा, बहुतेक वेळा पाठमोरा दिसतो. मासिक पाळीतही डायव्हिंग करता येतं, तिचा शार्कशी संबंध नाही.

खरा त्रास लहानांकडून होतो. दगडासारखा पडलेला स्टोनफिश, काटे पसरलेला लायनफिश, नुसत्या स्पर्शाने जळजळ करणारा फायर कोरल. स्टोनफिश-लायनफिशचा काटा लागला तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आत, अर्धा ते दीड तास ठेवा. पाणी किती गरम आहे हे दुसऱ्याने हात घालून बघावं, कारण दुखऱ्या पायाला अंदाज राहत नाही. मग डॉक्टर. आणि टायटन ट्रिगरफिश: घरट्यावर असताना तो माणसावर धावून येतो. त्याची हद्द घरट्यापासून वर रुंदावत जाते, म्हणून वर पळायचं नाही, आडवं सरकायचं.

प्रवाळाला हात लावला तर काय बिघडतं?

तो जिवंत प्राणी आहे आणि आधीच अडचणीत आहे. पाणी तापलं की प्रवाळ आपल्या अंगातली शैवालं बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. असं जगभर १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ मध्ये झालं. चौथी लाट २०२४ च्या एप्रिलमध्ये जाहीर झाली. वर आपल्या फिनचा फटका कशाला? हातमोजे घालू नका, धरायचा मोह आपोआप जातो. काही ठिकाणी तर सिलिंडरच नको: मालदीवच्या हनिफारू बेमध्ये २०१२ पासून स्कूबा बंद आहे, मांटा रे बघायच्या तर स्नॉर्केलनेच.

कॅमेरा आणू?

पहिल्या काही डायव्हना नको. एका हातात कॅमेरा, एका डोळ्याने पडदा, आणि गेजकडे लक्ष कुणाचंच नाही.

बोटीवर शौचालय असतं का?

बहुतेक छोट्या बोटींवर नसतं. हा प्रश्न फोनवर विचारायला लोक लाजतात आणि समुद्रात तीन तासांनी विचारतात. दोन डायव्हच्या मधल्या वेळेत पाण्यात उतरून शिडीला धरायचं, बाकीचे दुसरीकडे बघतात, ही जगभरची रीत आहे. पण म्हणून पाणी पिणं सोडू नका.

रात्री बोटीवरच राहायची सहल असेल तर?

झोपायच्या जागेतून बाहेर पडायच्या दोन वाटा बघून ठेवा आणि रात्रभर जागा राहणारा पहारेकरी कोण, हे विचारा. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियाजवळ कन्सेप्शन या डायव्हिंगच्या बोटीला पहाटे आग लागून खाली झोपलेले ३४ जण गेले. आगीचं नेमकं कारण ठरलं नाही, पण पहाऱ्यावर कुणीच नव्हतं हे ठरलं. टॉर्च-कॅमेऱ्याच्या लिथियम बॅटऱ्या रात्री उशाशी चार्जिंगला लावू नका.

हवामान बिघडलं आणि डायव्ह रद्द झाला तर पैसे?

बोटीने रद्द केला तर पैसे किंवा दुसरी तारीख मिळायला हवी, हे आधी लेखी घ्या. तुम्हाला अंदाज पटला नाही म्हणून तुम्ही उतरला नाहीत तर बहुतेक ठिकाणी पैसे जातात. जाऊ देत.

परतीचं विमान कधीचं काढू?

एकच साधा डायव्ह असेल तर किमान १२ तास, रोज किंवा दिवसातून अनेक असतील तर किमान १८. आम्ही सरसकट २४ सांगतो, हिशेबाला सोपं. विमानात केबिनचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो आणि अंगात मुरलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू शकतो. गाडीने उंच घाट चढून जाणार असाल तरी हाच विचार करा. शेवटचा दिवस बोटीसाठी नाही, धुतलेलं सामान वाळवण्यासाठी ठेवा.

डायव्हनंतर रात्री खांदा दुखायला लागला. झोपून बघू?

नको. सांधेदुखी, मुंग्या, अंगावर लालसर-निळसर चट्टे, चक्कर, हातापायातली ताकद जाणं, न कळणारा थकवा: डायव्हनंतर चोवीस तासांत यातलं काहीही आलं तर उलट सिद्ध होईपर्यंत ते डिकम्प्रेशनचंच, म्हणजे अंगात नायट्रोजनचे बुडबुडे झाल्याचंच, धरायचं. ‘सिलिंडर उचलताना लचकला असेल’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो. गाइडला उठवा, मध्यरात्र असली तरी. आडवे पडा, ऑक्सिजन घ्या आणि ऑक्सिजनने बरं वाटलं तरी डॉक्टरांकडे जा. दुखणं जाईल म्हणून पुन्हा पाण्यात उतरू नका. उपचार प्रेशर चेंबरमध्ये होतो आणि जवळचा चेंबर कित्येक बेटांवरून दुसऱ्या शहरात, कधी दुसऱ्या देशात असतो. साध्या प्रवासविम्यात डायव्हिंग बरेचदा वगळलेलं असतं, म्हणून डायव्हिंगचा विमा वेगळा काढा. त्यावरचा आणीबाणीचा फोन नंबर मोबाइलमध्ये नको, कागदावर लिहून बोटीच्या यादीत तुमच्या नावापुढे द्या.